‘दऱ्या’ नावाची फाइल

‘गिट स्टेटस’ असे टाइप करून एंटर दाबावे आणि काहीही बदललेले नाही, सगळे जागच्या जागी आहे, असे उत्तर यावे, हे संगणकावर काम करणाऱ्याच्या दिवसातले एक लहानसे पण भरवशाचे सुख आहे. सह्याद्रीत भटकणाऱ्या आम्हा काही मंडळींच्या वाटांच्या नोंदी गिटमध्ये, म्हणजे फायलींतला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, आहेत आणि फायलींची नावे हौसेने मराठीत ठेवलेली आहेत: ‘घाटवाटा’, ‘पाण्याची टाकी’, ‘पायऱ्या’, ‘दऱ्या’. आमच्यातल्या एका मित्राच्या जुन्या मॅकवर हे सुख कधी लाभतच नसे. त्याने काहीही न करता ‘दऱ्या’ आणि ‘पायऱ्या’ या दोन फायली गिटला अनोळखी वाटत, म्हणजे ‘अनट्रॅक्ड’च्या यादीत जाऊन बसत. ‘घाटवाटा’ मात्र निमूटपणे आपल्या जागी असे.

खरी गंमत पुढे होती. अनोळखी म्हणून दाखवलेली ‘दऱ्या’ पुसून टाकली, की गिट लगेच तक्रार करी की ओळखीची ‘दऱ्या’ कोणीतरी पुसली. ती परत आणली, की अनोळखीही परत हजर. कंटाळून ‘गिट ॲड’ करून ती आत घेतली आणि पुश केली, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक प्रतीत पाठवली, तर मॅकऐवजी लिनक्स ही संगणक प्रणाली वापरणाऱ्यांच्या फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फायली शेजारी-शेजारी दिसू लागत, आणि तिथे एकीत केलेला बदल दुसरीत उतरत नसे. अशा वेळी पहिला संशय गिटवर जातो, दुसरा मित्रावर जातो, आणि अक्षरावर संशय घ्यावा हे कोणाच्याही मनात येत नाही.

वास्तविक पुरावा सुरुवातीपासून पडद्यावरच होता. इंग्रजीबाहेरच्या लिपीतले नाव आले की गिट ते मुळात वाचण्यासारखे दाखवतच नाही. प्रत्येक बाइटसाठी, म्हणजे संगणक अक्षरे ज्या लहान तुकड्यांत साठवतो त्यातल्या प्रत्येकासाठी, एक उलटी तिरकी रेघ आणि तीन आकडे, असा तो सगळा मजकूर असतो. मराठीत काम करणारा माणूस वैतागून ‘कोअर.कोटपाथ’ हे सेटिंग बंद करतो, आणि मग देवनागरी नावे नीट दिसू लागतात. आम्हीही सगळ्यांनी ते बंद केलेले होते. ते पुन्हा चालू केल्यावर दोन ‘दऱ्या’ एकमेकींपासून वेगळ्या झाल्या. एकीत द नंतर ३४० २४४ २६१ असे तीन बाइट होते आणि दुसरीत त्याच जागी ३४० २४४ २६० व ३४० २४४ २७४ असे सहा. पहिली फाइल पंधरा बाइट लांबीच्या नावाची, दुसरी अठरा. डोळ्यांना सुवाच्य दिसणाऱ्या रूपाने जे लपवले होते, ते या आकड्यांच्या रांगेने मुकाट्याने सांगून टाकले.

युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकात, ‘ऱ’ला स्वतःचे एक स्थान आहे, आणि तेच अक्षर ‘र’ व त्याखालचा नुक्ता (टिंब) अशा दोन खुणांनी लिहिले तरी ते समानच मानावे, असा नियमही आहे. मराठीच्या रोजच्या वापरातल्या अक्षरांपैकी हे दुहेरी भाग्य फक्त ‘ऱ’च्या वाट्याला आलेले आहे, म्हणून ‘घाटवाटा’ सुखरूप राहिली. ॲपलने १९९८ साली आणलेली एचएफएस प्लस ही फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फायली ठेवण्याची व्यवस्था, कोणतेही नाव साठवण्यापूर्वी त्याची अक्षरे अशी सुटी करून घेत असे. तुम्ही ‘ऱ’ दिला तरी ती ‘र’ आणि नुक्ताच परत देणार. गिट मात्र २००५ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नलच्या, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्याच्या, कामासाठी लिहिलेले, आणि लिनक्सच्या दृष्टीने फाइलचे नाव म्हणजे केवळ बाइटांची माळ. त्या माळेत अक्षर कोणते आहे याची चौकशी करणे हे आपले काम नव्हे, असा त्याचा बाणा. सातबाऱ्यावर एक नाव आणि आधार कार्डावर दुसरे असलेल्या माणसाची जी गत तलाठ्यापुढे होते, तीच आमच्या फाइलची झाली होती. टॉरवाल्ड्स यांनी ॲपलच्या या पद्धतीवर अत्यंत कडक शब्दांत टीका केली होती. मला त्यांची बाजू पटते, कारण ठेवायला दिलेली वस्तू जशीच्या तशी परत देणे हे कोठाराचे पहिले काम आहे; आणि ॲपलनेही २०१७ मध्ये मॅकवर आणलेल्या एपीएफएस या नव्या फाइल सिस्टिममध्ये नाव दिले तसेच राखण्याची पद्धत स्वीकारली.

गिटने यावर २०१२ मध्ये, १.७.१२ या आवृत्तीत, ‘कोअर.प्रिकंपोजयुनिकोड’ नावाचा उतारा आणला. मॅकवर रिपॉझिटरी (गिटने सांभाळायचे फोल्डर) तयार होताना गिट जर्मन भाषेतल्या दोन टिंबांच्या ‘ए’चे (ä) नाव असलेली एक फाइल गुपचूप बनवून पाहते, आणि ते अक्षर सुट्या रूपातही सापडले तर हे सेटिंग आपोआप चालू करते. आपल्या ‘ऱ’चे भवितव्य एका जर्मन स्वरावरून ठरते, ही कल्पना मला फार आवडली. मित्राच्या बाबतीत ही परीक्षा झालीच नव्हती, कारण त्याने क्लोन न करता, म्हणजे गिटकरवी प्रत न काढता, कोणाच्या तरी लिनक्सवरून आख्खे फोल्डर पेन ड्राइव्हवर आणले होते. सेटिंग हाताने चालू केले आणि जास्तीची फाइल लिनक्सवरून पुसली. हे लिनक्सवरूनच करावे लागते, कारण दोन्ही फायली तिथेच खरोखर दोन असतात; मॅकवर त्या मुळात एकच.

येथे प्रकरण मिटायला हवे होते, पण ‘दऱ्या’ लिहिण्याची तिसरीही एक तऱ्हा आहे. कित्येक कळफलकांवर ‘र’, हलन्त आणि शून्य रुंदीचा एक अदृश्य जोडक वापरून ‘दर्‍या’ उमटवतात. युनिकोडने ही रीत जुन्या आवृत्तीशी सुसंगती म्हणून चालू ठेवली आहे. हा जोडक कोणत्याही समानतेच्या नियमात बसत नाही, त्यामुळे वरचा उतारा त्याला लागू पडत नाही. शिवाय एचएफएस प्लस नावांची तुलना करताना अशा अदृश्य खुणांकडे काणाडोळा करते, म्हणजे तिच्या लेखी जोडकाने लिहिलेली ‘दर्‍या’ आणि समुद्राच्या अर्थाचा ‘दर्या’ हे एकच नाव ठरते, आणि डोंगरातली फाइल व किनाऱ्यावरची फाइल एका फोल्डरात नांदू शकत नाहीत. हाच काणाडोळा डिसेंबर २०१४ मध्ये गिटला फार महागात पडणार होता. गिटच्या स्वतःच्या गुप्त फोल्डरच्या नावात अदृश्य खूण घुसडली, की ते नाव गिटच्या तपासणीतून सुटे आणि मॅकवर मात्र खऱ्या फोल्डरवरच जाऊन आदळे. त्यातून परक्याच्या आज्ञा आपल्या संगणकावर चालवता येत. २.२.१ ही आवृत्ती तातडीने काढून ते छिद्र बुजवण्यात आले.

आम्ही आमच्यापुरता एक छोटा हुक, म्हणजे गिट आपोआप चालवते असा तपासनीस प्रोग्रॅम, लिहिला आहे, जो कमिट होण्यापूर्वी, म्हणजे बदल गिटमध्ये नोंदला जाण्यापूर्वी, नावांत तो जोडक किंवा सुटा नुक्ता आहे का हे पाहतो आणि सापडल्यास कमिट अडवतो. त्याच्या संदेशात इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून ‘जे’ (J) ही कळ दाबावी, म्हणजे अखंड ‘ऱ’ उमटतो, एवढेच लिहिले आहे. फोनवरून नोंदी करणाऱ्या मंडळींना शिफ्ट कुठली आणि ‘जे’ कुठला, हे अद्याप समजावून सांगावे लागते.