वर लाल, खाली पांढरा

तो प्रश्न पहिल्यांदा वाचला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. हॅम्बुर्गच्या एका खोलीच्या घरात मी कुकर लावून बोटीच्या लायसन्सच्या परीक्षेचं पुस्तक उघडून बसले होते. रात्री समोर एक बोट दिसते. तिच्यावर चहूबाजूंनी दिसणारे दोन दिवे आहेत, वर लाल आणि खाली पांढरा. ही बोट काय करतेय? उत्तर होतं: मासेमारी करतेय, पण ट्रॉलिंग, म्हणजे बोटीमागे जाळं ओढत नेणं, नाही.

म्हणजे माझे बाबा. फक्त त्यांच्या होडीवर हे दिवे नाहीत. कधीच नव्हते.

मी वरळी कोळीवाड्यातली. होडी आमच्या घरात आजोबांच्याही आधीपासून आहे. तरी तिशी ओलांडेपर्यंत मी एकदाही सुकाणू हातात धरलं नव्हतं. होडी बाबांची आणि दादाची. आईचं काम किनाऱ्यापासून पुढे, मासळी निवडायची, टोपल्या भरायच्या, बाजारात बसायचं. मी आईच्या बाजूची. नारळी पौर्णिमेला पूजेसाठी होडीत चढायचे आणि आरती झाली की उतरायचे. मनाई कुणी केली नव्हती, बोलावलंही कुणी नव्हतं.

2019 साली नोकरीसाठी हॅम्बुर्गला गेले. समुद्र तिथून शंभरेक किलोमीटरवर, तरी एल्बे नदीला भरती-ओहोटी येते आणि पाणी साडेतीन मीटरच्या वर चढतं-उतरतं. पहिल्याच आठवड्यात धक्क्यावर उभी होते. ओहोटी लागली, कडेचा चिखल उघडा पडला आणि तो वास आला. मी तिथूनच घरी फोन लावला. आईला वाटलं काही झालं. काही झालं नव्हतं, मला फक्त त्यांच्याशी बोलायचं होतं.

बोटीचं लायसन्स काढायचं डोक्यात यायला पुढे चार वर्षं गेली. जर्मनीत 15 एचपीपर्यंतचं इंजिन असेल तर बहुतेक ठिकाणी लायसन्स लागत नाही. ऱ्हाईन नदीवर मात्र ही मर्यादा 5 एचपीच आहे. बाबांच्या होडीला मागे लावलेलं आउटबोर्ड इंजिन 9.9 एचपीचं. म्हणजे बाबा एल्बेवर कागदाशिवाय होडी चालवू शकले असते. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते इतकंच म्हणाले, "मग तू कशाला काढतेस?" मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. मला मोठी बोट चालवायची नव्हती. कुणीतरी पहिल्यापासून, पायरीपायरीने, मला हे शिकवावं असं वाटत होतं.

परक्या देशाची नागरिक म्हणून काही अडेल अशी मला धास्ती होती. अडलं नाही. ओळखीसाठी पासपोर्ट चालला, नागरिकत्वाची अट नव्हती. लागतात तीन गोष्टी: फोटो, डॉक्टरचा दाखला आणि गाडीच्या लायसन्सची प्रत. तिसऱ्यात मी अडकले असते, कारण आपलं भारतीय लायसन्स तिथे राहायला गेल्यावर सहाच महिने चालतं आणि मी ते बदलून घेतलं नव्हतं. त्याऐवजी चारित्र्याचा सरकारी दाखला चालतो. तेरा युरो भरले आणि तो टपालाने घरी आला. त्यावर एकच ओळ, नोंद नाही. डॉक्टरने कान तपासले, डोळे तपासले, मग रंगीत ठिपक्यांतले आकडे वाचायला लावले. लाल आणि हिरवा ओळखता आला नाही तर रात्री समोरच्या बोटीची डावी बाजू कुठली, उजवी कुठली, हे कळणारच नाही. तिथून तपासणी सुरू होते हे मला फार पटलं.

अडसर होता तो भाषेचा. लेखी परीक्षा जर्मनमध्ये, आणि माझं जर्मन दुकानात आणि ऑफिसात पुरेल इतकं. अभ्यासाला 285 प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. छापील संचात बरोबर उत्तर नेहमी पहिलं असतं, परीक्षेत क्रम बदलतात. म्हणून जागा लक्षात ठेवून भागत नाही, वाक्य समजावं लागतं. मी एक वही केली. डाव्या पानावर जर्मन, उजव्या पानावर मराठी. बाकबोर्ड म्हणजे डावी बाजू, श्टोयरबोर्ड म्हणजे उजवी. पहिल्या आठवड्यातच लक्षात आलं की उजवं पान भरायला शब्द माझ्याकडे नाहीत, बाबांकडे आहेत. मग रोज संध्याकाळी, म्हणजे मुंबईत रात्री, फोन. बाबा, भरतीचा जोर सगळ्यात कमी असतो त्या दिवसांना काय म्हणायचं? "भांग." आणि जोराची? "उधाण. एवढं तरी ठाऊक असायला हवं गो बाय."

डावं-उजवं मात्र त्यांच्याकडे नव्हतं. होडीत ते दादाला कधीच डावीकडे घे म्हणत नाहीत. किल्ल्याकडे घे, माहीमकडे घे, बाहेर घे, असं म्हणतात. त्यांच्या दिशा होडीला चिकटलेल्या नाहीत, किनाऱ्याला चिकटलेल्या आहेत.

हेच पुढे नकाशावर उपयोगी पडलं. लेखी परीक्षेत एक भाग नकाशाचा असतो, यादे, वेझर आणि एल्बे या नद्यांची मुखं दाखवणाऱ्या सरावाच्या नकाशावर. त्रिकोणी पट्टी आणि कंपास घेऊन बसायचं. एका दीपस्तंभाची दिशा मोजायची, रेघ ओढायची. दुसऱ्या खुणेची दिशा, दुसरी रेघ. जिथे रेघा एकमेकींना छेदतात तिथे तुमची बोट. वर्गात बाकीचे गोंधळले होते. मला पहिल्याच फेरीत कळलं, कारण हे मी लहानपणापासून ऐकत होते. बाबा जाळ्याची जागा अशीच धरतात. किनाऱ्यावरच्या दोन गोष्टी एकामागे एक आल्या की ती एक रेघ. दुसऱ्या बाजूला आणखी दोन आल्या की ती दुसरी. ते त्याला 'खूण लागली' म्हणतात. पूर्वी माउंट मेरीचं चर्च त्यांच्या खुणांत होतं, एका गिरणीची चिमणी होती. चिमणी गेली. चर्चही काही ठिकाणांहून आता टॉवरच्या आड जातं. बाबांनी तेच टॉवर नव्या खुणा म्हणून धरले.

नकाशावर ही गोष्ट दिसली तेव्हा मला रडू आलं. ज्याला परीक्षेत नऊ प्रश्न आहेत, जे शिकवायला माणसं पैसे घेतात, ते माझ्या वडिलांना येतं, आणि ते ज्ञान आहे असं त्यांना आजवर कुणी म्हटलं नाही. त्यांच्याकडे कागद नाहीत असं नाही. 2008 च्या हल्ल्यानंतर होड्यांचे नंबर, बायोमेट्रिक कार्ड, सगळं आलं. त्या कार्डावर ते कोण आहेत हे लिहिलेलं आहे. त्यांना काय येतं हे कुठेच लिहिलेलं नाही.

पाण्यातल्या बोयांचं, म्हणजे जहाजांना वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांचं, एक सांगते, कारण ते ऐकून दादालाही नवल वाटलं. जगात बोयांच्या रंगांच्या दोन पद्धती आहेत. समुद्रातून बंदरात शिरताना लाल डाव्या हाताला, ही एक. लाल उजव्या हाताला, ही दुसरी, ती अमेरिका खंडांत, जपानमध्ये, कोरियात आणि फिलिपिन्समध्ये चालते. हॅम्बुर्ग आणि मुंबई दोन्ही पहिल्या पद्धतीत. म्हणजे तिकडे पाठ केलेलं इकडे उलटं करावं लागत नाही.

गाठींवर मी जास्त लिहीत नाही. नऊ गाठी आहेत. पालष्टेक नावाची गाठ मी तीन दिवस घोकत होते, म्हणजे दोरीला न सरकणारा फास. व्हिडिओ कॉलवर बाबांना दाखवली तर त्यांनी बोलता बोलता, माझ्याकडे बघतच, एका हाताने बांधून दाखवली.

प्रात्यक्षिकात ज्याच्यावाचून सुटका नाही ते म्हणजे 'मेन्श युबर बोर्ड', माणूस पाण्यात पडला. हवा भरलेला फेंडर, म्हणजे बोटीला धक्का बसू नये म्हणून कडेला लावतात तो फुगा, पाण्यात टाकतात, तोच पडलेला माणूस. आदल्या रात्री बाबांना फोन केला आणि क्रम म्हणून दाखवायला लागले. इंजिन न्यूट्रल, मग सुकाणू... त्यांनी मधेच थांबवलं. "पडला त्याच्याकडे. सुकाणू त्याच्याकडे फिरव." मी गप्प झाले. पुस्तकात तेच आहे. माणूस उजवीकडे पडला तर बोट उजवीकडे वळवायची, कारण नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, एकीकडे वळली की मागचा भाग दुसरीकडे झुकतो आणि इंजिनचा पंखा माणसापासून लांब जातो. बाबांनी मग पहिल्यांदाच सांगितलं की माझा धाकटा काका एकदा जाळं ओढताना पडला होता. तेव्हा हा विचार करायला वेळ नव्हता, हात आपोआप फिरला. काका आजही आहे, खाली गल्लीत पत्ते खेळत असतो. घरात ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती.

परीक्षेत पहिल्या खेपेला मी चुकले. वळवणं बरोबर झालं, पण वाऱ्याच्या समोरून संथ यायचं तिथे वेग राहिला आणि फेंडर नाळेखाली गेला. परीक्षक एवढंच म्हणाले, "पुन्हा." दोन संधी असतात. दुसऱ्या खेपेला मी इतकी हळू आले की बोट थांबलीय असं वाटलं. शेजारी येताच न्यूट्रल, आकड्याची काठी, फेंडर वर. परीक्षकाने कागदावर खूण केली. माझे हात पुढचा अर्धा तास थरथरत होते.

कार्ड मिळालं. पण माझ्या डोक्यात तो लाल-पांढऱ्या दिव्याचा प्रश्न राहिला, कारण इथे बाबांची बाजू लंगडी आहे आणि ते मला लपवायचं नाही. ते पहाटे तीनला निघतात. होडीत एक टॉर्च. मोठं जहाज जवळ आलं तर तो हलवायचा. मुंबईबाहेर जहाजं नांगरून असतात, टग आणि पायलट बोटी येत-जात असतात. समुद्रावरच्या टक्कर टाळण्याच्या नियमांप्रमाणे इंजिनवर चालणाऱ्या जहाजाने मासेमारी करणाऱ्या बोटीला वाट द्यायची असते. तो हक्क बाबांचा आहे. पण जहाजावरच्या माणसाला अंधारात कळणार कसं, की समोर मासेमारी चाललीय? त्या दोन दिव्यांमुळेच. दिवे नसले तर हक्क असून काही उपयोग नाही.

मी हे फोनवर तीनचारदा बोलले. बॅटरी कोण वाहणार, खारं पाणी वायर खातं, आजवर काही झालं नाही, अशी उत्तरं आली. मग 18 डिसेंबर 2024 ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. 15 माणसं गेली. तेही दिवसाउजेडी. त्या रात्री बाबांनीच फोन केला. दिव्यांचं काही बोलले नाहीत, मी जेवले का एवढंच विचारलं.

या वर्षी नारळी पौर्णिमेला घरी आले. चार दिवसांनी समुद्र जरा निवळला तेव्हा बाबा म्हणाले, चल. कोस्टल रोडच्या खांबांमधून बाहेर पडलो. आमच्या लोकांनी भांडून भांडून तिथल्या दोन खांबांमधल्या एका गाळ्याची रुंदी 60 मीटरची 120 करून घेतली, हे मी हॅम्बुर्गला बातम्यांत वाचलं होतं. वाचताना 60 मीटर खूप वाटतात. होडीतून बघितल्यावर कळतं की आडवा वारा आणि ओहोटी एका वेळी आली की होडी नाळेच्या दिशेने जातच नाही, तिरकी सरकते. हे सरकणं मोजायची पद्धत मी वर्गात शिकले होते. बाबांनी मोजलं नाही, आधीच किल्ल्याकडे दोन हात जास्त धरलं आणि आम्ही बरोबर मधोमध निघालो. बाहेर आल्यावर ते उठले आणि मागे जागा केली. मी सुकाणू धरलं. दादा काहीतरी बोलणार होता, बोलला नाही.

परत आल्यावर मी वही काढली. उजव्या पानांवर आता बहुतेक सगळं मराठीत आहे: दिवे, भोंगे, बोये, कुणी कुणाला वाट द्यायची. वाड्यातल्या पोरांसाठी हे नीट लिहून काढायचं ठरवलंय, बाबांच्या शब्दांत, आणि त्यात खुणा धरायचा धडाही असेल. बाबांनी चष्मा लावून दिव्यांचं पान वाचलं.

"लाल वर कशाला?"

मी सांगितलं, ट्रॉलरचा हिरवा वर असतो, आपला लाल. पांढरा दोघांचाही खाली. दोन दिव्यांत निदान एक मीटर अंतर हवं, आणि खालचा दिवा होडीच्या काठापासून निदान दोन मीटर वर.

त्यांनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे काठी दहा फूट तरी. जाळं ओढताना मधे येईल." मग बराच वेळ गप्प. "मागे लावू. सुकाणूच्या बाजूला. तिथे जाळं येत नाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही ससून डॉकजवळच्या दुकानातून दोन दिवे, वायर आणि बारा व्होल्टची बॅटरी आणली. बॅटरीसाठी दादाने जुन्या बर्फाच्या पेटीला आतून डांबर लावलं. बांबू मात्र बाबांनी स्वतः निवडला, तीन परत करून.