टेलीची मान उलटी का वाकली: दोष पावसाळ्याचा नाही, खाचांचा

घरी बनवत असलेल्या टेलीची (टेलिकास्टर घडणीच्या इलेक्ट्रिक गिटारची) मान सरळ झाली! पोलादी पट्टी आता पहिल्या फ्रेटपासून (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांपैकी पहिलीपासून) एकविसाव्यापर्यंत न डोलता बसते, आणि तारा सुरात लावल्यावर सातव्या फ्रेटवर ०.२ मिमी रिलीफ (मानेचा तारांच्या बाजूला हवा असलेला हलका वाक) मिळतो. मागच्या नोंदीच्या वेळी तिथे ०.३५ मिमी बॅकबो (उलटा, मागच्या बाजूचा वाक) होता, तोही ट्रस रॉडचा, म्हणजे मानेतल्या वाक सुधारायच्या गजाचा, नट पूर्ण सैल असताना. साडेपंचवीस इंची स्केलवर (तारेच्या वाजत्या लांबीवर) १०-४६ जाडीच्या तारांचा संच जवळपास ४६ किलोची ओढ देतो. एवढ्या ओढीलाही मान पुढे येत नसेल तर एकेरी ट्रस रॉड काही कामाचा नाही. तो मानेला मागेच खेचतो, पुढे ढकलत नाही. त्यात जुन्या टेलीप्रमाणे रॉडचा नट टाचेच्या बाजूला (मान बॉडीला जोडते तिथे), म्हणजे दर वेळी तारा सैल करा, चार स्क्रू काढा, मान उतरवा.

तारांचा खणखणाट पहिल्या पाच फ्रेटांवर जास्त आणि बाराव्याच्या पुढे जवळजवळ नाही, हे बॅकबोचं लक्षण. ब्रिज (बॉडीवरचा तारांचा टेकू) वर घेऊन खणखणाट दबतो, पण मग पुढे बोटांना चढण लागते.

मागच्या नोंदीनंतर बहुतेकांचा पहिला अंदाज हवेचा होता: फिंगरबोर्ड (मानेवरची शिसवी फळी, जिच्यात फ्रेट बसतात) पावसाळ्यात चिकटवला, ओल धरली, म्हणून वाकला. ऐकायला पटतं, पण फ्रेट बसवायच्या खाचांच्या बाबतीत ते लागू पडत नाही. खाच मानेला आडवी असते, म्हणजे तिची रुंदी लाकडाच्या रेषांच्या दिशेने मोजली जाते, आणि त्या दिशेने लाकूड जवळजवळ हलतच नाही. शिवाय फ्रेट बसवायच्या आधी, तेल लावून झाल्यावरही बोर्ड सपाट होता. वाक आला तो फ्रेट ठोकल्यावर.

मायक्रोमीटर लावल्यावर उलगडा झाला. खाच ०.५० मिमी, फ्रेटच्या तारेचा टँग (खाचेत जाणारी खालची पाती) ०.५३. शिसव इतकं घट्ट की ते दबत नाही, त्यामुळे प्रत्येक टँग पाचरीसारखा बसतो आणि मानेची पुढची बाजू थोडी लांबते. ढोबळ हिशेब असा: मान २१ मिमी जाड, वरच्या नटापासून (तारा टेकतात त्या खाचांच्या पट्टीपासून, रॉडच्या नटापासून नव्हे) शेवटच्या फ्रेटपर्यंत ४५५ मिमी. ०.३५ बॅकबोपासून ०.२ रिलीफपर्यंतचा फरक ०.५५ मिमी. तेवढ्या वाकाला पुढची बाजू मागच्यापेक्षा फक्त ०.२ मिमी लांब झाली तरी पुरते. २१ खाचांत वाटलं तर दर खाचेमागे एक शतांश मिलिमीटर, म्हणजे मायक्रोमीटरवरची एक रेघ. डोळ्याला दिसणार कुठून?

आधीचा बेत बोर्ड परत घासून ७.२५ इंची गोलाई नव्याने काढायचा होता. तो रद्द. घासून वाक झाकला जातो, पाचरी तशाच राहतात.

त्याऐवजी फ्रेट काढून खाचा रुंद केल्या. फ्रेट काढताना शिसवाचे कपचे उडतात. सोल्डरिंग आयर्न फ्रेटवर टेकवून तापवायचं, कडेला पाण्याचा एक थेंब, आणि तोंड सपाट घासलेल्या नखपक्कडीने टोकाकडून हळूहळू उचलायचं. ओढायचं नाही, चिमटत पुढे सरकायचं. उडालेला कपचा त्याच जागी फेविक्विकने लगेच बसवावा.

खाचेची रुंदी ०.५८ ते ०.६० मिमी हवी. या मापाची खास करवत मागवली तर मानेच्या लाकडापेक्षा महाग पडते. साधी हॅकसॉ ब्लेड ०.६३ मिमी जाड असते, फक्त तिच्या दातांचा सेट (दातांचा दोन्ही बाजूंना असलेला कल) खाच भलतीच रुंद करतो. ब्लेड तेलदगडावर दोन्ही बाजूंनी सपाट घासली, दातांजवळ ०.६० पर्यंत आणली, मेणबत्ती फिरवली की काम होतं. बिनसेटची ब्लेड अडकते, म्हणून दोन-तीन ओढींनंतर भुसा काढत राहायचं. खोली टँगपेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त.

आता टँग खाचेत सैल उतरतो आणि फक्त बार्ब (टँगच्या बाजूंचे बारीक काटे) लाकूड धरतात. चार-पाच फ्रेट बसवले की पट्टी लावून पाहावी. बाराव्यापर्यंत पोचल्यावर मान किंचित पुढे राहिली, तेव्हा उरलेल्या खाचा ०.५८ वरच थांबवल्या. म्हणजे हीच पाचर मुद्दाम वापरून मान सरळही करता येते.

फ्रेटची तार ऑनलाइन घेताना विक्रेते क्राउनची (वर दिसणाऱ्या गोल भागाची) रुंदी-उंची लिहितात, टँगची जाडी लिहीतच नाहीत. आधी विचारा, किंवा वीतभर तुकडा मागवून मोजा. वखारीतही शिसव म्हणून शिसम गळ्यात मारतात. रंधा फिरवून ताजा रंग पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

हवेचा दोष एका ठिकाणी मात्र खरा: फ्रेटांची टोकं. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बोर्ड रुंदीत आटतो आणि टोकं बाहेर येऊन हाताला कापतात. टोकांची शेवटची कानस एप्रिल-मेमध्येच मारावी, पावसाळ्यात बोर्ड फुगला तर ती आतच राहतात.

बाकी थोडक्यात. वाळूज औद्योगिक वसाहतीत लेझरवर १.२ मिमी सीआरसीए (थंड लाटलेल्या पोलादी) पत्र्याची ब्रिज प्लेट कापून मिळाली. भोकं इतकी स्वच्छ की कानस लावावी लागली नाही. ८ मिमी पितळी गजाचे तीन सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ते तुकडे) लेथवर झाले. पितळी सॅडल १९५० च्या दशकाच्या सुरुवातीचे आणि शिसवी बोर्ड १९५९ पासूनचा, म्हणजे ही खिचडीच आहे. चालेल, पितळाचा आवाज सोडवत नाही. बॉडी शिवणीची, एनसी (नायट्रोसेल्युलोज) सँडिंग सीलरचे दोन हात झालेत.

सागवानी मानेचा दुसरा तुकडा (वाड्याची जुनी तुळई, खिळे चुंबकाने शोधून काढलेली) पडून आहे. त्यात दुहेरी रॉड (मान दोन्हीकडे वाकवणारा) घालायचं ठरत होतं. पण फ्रेटांनीच मान वळवता येत असेल तर एकेरी रॉडच ठेवावा आणि प्रत्येक खाच मोजून कापावी, असं आता वाटतंय. सागात तेल असतं, तेव्हा बोर्ड चिकटवण्याआधी दोन्ही पृष्ठभाग अ‍ॅसिटोनने पुसून दहा-पंधरा मिनिटांत गोंद लावायचा. त्याआधी ब्रिज पिकअपची (तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबकी भागाची) शिट्टी घालवायची: त्याच्या तारेच्या गुंडाळीला मेण पाजायचं आहे, पॅराफिनमध्ये पाचवा हिस्सा मधमाशीचं मेण, डबल बॉयलरवर ६५ अंश.