डाळ मिलची पंचवीस वर्षं आणि धर्मादा

लातुरात डाळ मिल काढली, यात सांगण्यासारखं फार काही नाही. तुरीच्या जोरावर इथे कितीतरी मिली उभ्या राहिल्या, बंद पडल्या आणि दुसऱ्याच्या नावानं पुन्हा सुरू झाल्या. आमची १९९९ साली सुरू झाली. वडिलांची मार्केट यार्डात अडत होती. तिथे शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या पावत्या, लिहिता लिहिता माल ओळखायला शिकलो आणि धाकट्या भावाबरोबर भागीदारीत, भाड्याच्या शेडमध्ये मिल टाकली. एक चाळणी, साल काढायला दोन एमरी रोलर, एक चक्की आणि बाकी सगळा भरवसा उन्हावर. तुरीला तेल-पाणी लावायचं, रात्रभर ढीग झाकून ठेवायचा, मग चार-पाच दिवस ओट्यावर वाळवायची. आभाळ आलं की मालक काय, मुनीम काय, हमाल काय, सगळे ताडपत्रीची टोकं धरून पळायचे. क्विंटलभर तुरीतून साधारण सत्तर ते पंचाहत्तर किलो डाळ निघते; बाकी चुनी म्हणजे तुकडे-भुगा, फोल म्हणजे टरफलं, आणि घट. मिलवाल्याचं नशीब त्या मधल्या पाच किलोंत असतं.

मधली वर्षं थोडक्यात सांगतो, कारण ती सगळ्याच मिलवाल्यांची सारखी आहेत. २०१५ मध्ये तूरडाळ किरकोळीत दोनशेवर गेली, तेव्हा जो तो आमच्याकडे साठेबाज म्हणून बघत होता. पुढच्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर. त्याच वर्षी पाऊस चांगला झाला आणि तूर एवढी पिकली, की बोनस धरून ५०५० रुपये हमीभाव असताना यार्डात त्याच्या खाली सौदे निघाले. खरेदी केंद्रांवर पोती घेऊन लोक मुक्कामाला राहिले. दोन वर्षांत तीच डाळ सोन्यासारखी आणि मातीसारखीही पाहिली. नंतर कर्ज काढून ड्रायर बसवला, मग रंग बघून दाणे निवडणारं सॉर्टेक्स मशीन आलं. सॉर्टेक्सचे हप्ते अजून चालू आहेत, म्हणून त्याबद्दल जास्त बोलत नाही.

२०२४ मध्ये पंचवीस वर्षं होणार, म्हणून दिवाळीनंतर सगळे एकत्र बसलो. फेटे, जेवण आणि सगळ्यांना घड्याळ असा भावाचा बेत होता. पॅकिंगच्या पोरांनी घड्याळाऐवजी पैसे द्या म्हटलं, ते लगेच मान्य झालं. मग मुनीमकाकांनी सुचवलं, की या निमित्तानं सगळ्यांनी मिळून एखाद्या संस्थेला काहीतरी द्यावं. प्रत्येकाचा एक दिवसाचा पगार कापू, तेवढीच भर फर्म घालेल. कागदावर हिशेब चोख होता. पण निवडणीला बसणाऱ्या मावशी सरळ म्हणाल्या, "काका, कापून घेतल्यावर आम्ही काय दिलं? तुम्हीच घेतलं की."

हे बोलणं मला लगेच पटलं, त्याला कारण अडतीतलं बालपण आहे. जुन्या काळी बाजारात शेतकऱ्याच्या पट्टीतून हमाली, तोलाई यांच्याबरोबर धर्मादाही कापला जायचा. गोशाळा, पाणपोई, देऊळ, कशाच्याही नावानं. पैसा शेतकऱ्याचा, कापणारा व्यापारी आणि पाटीवर नाव व्यापाऱ्याचं. बाजार समित्यांच्या कायद्यानं असल्या कपातींना चाप बसला तो उगीच नाही. पंचविसाव्या वर्षी आपल्याच मिलमध्ये तोच धर्मादा पगारपत्रकातून सुरू करायला मी तयार नव्हतो. शिवाय मालकानं डबा पुढे केल्यावर हमाल नाही म्हणू शकतो का? नाही म्हणण्याची सोय नसेल, तर त्याला वर्गणी म्हणावं, दान म्हणू नये.

मग करायचं काय? तोडगा मुकादमानं काढला. त्याचं म्हणणं असं, की आमच्याकडं पैसा नाही, पण हात आहेत. मालकानं तूर द्यावी, वीज द्यावी. आम्ही एक रविवार बिनमजुरीचं भरडून देतो, डाळ आम्हीच विकतो, येईल तो सगळा पैसा संस्थेला. "आणि त्या दिवशीची चुनी पण त्यातच धरायची बरं का मालक," हेही त्यानं तिथल्या तिथे ठरवून घेतलं. चुनी म्हणजे जनावरांचं खाद्य, तिला कायम गिऱ्हाईक. मी वीस क्विंटल तूर कबूल केली.

कुणाला द्यायचं, यावर मात्र तासभर वाद झाला, आणि मला विचाराल तर सगळ्या प्रकारात ऐकण्यासारखा तोच होता. आमच्याकडे निम्मी माणसं औसा तालुक्यातली आहेत, किल्लारीच्या आसपासची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा यातली काही लेकरं होती, काही तरणी. मदत घेणाऱ्याच्या जागी बसल्यावर काय वाटतं, हे त्यांना पुस्तकातून शिकायचं नाही. ब्लँकेट वाटू, असं कुणीतरी म्हणताच एक मावशी म्हणाल्या, त्या वेळी गावात जुन्या कपड्यांचे ढीग येऊन पडले होते, कुणी हात लावत नव्हतं. वस्तू देऊ नका, पैसे द्या, ज्याला लागतंय त्याला ठरवू द्या. त्यावर कुणी काही बोललं नाही.

देवळाच्या जीर्णोद्धाराचं नाव निघालं आणि मागं पडलं. शेवटी दोन नावं राहिली. एक हासेगावचं सेवालय. एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांना सांभाळणारी ही संस्था औशाजवळच आहे. आमचा ड्रायव्हर त्या रस्त्यानं जातो, त्यानं ती पाहिलेली. दुसरं बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, पण आमच्याकडच्या गावांत कॅन्सर म्हटलं की पहिली एसटी बार्शीचीच आठवते. गावोगावी फिरून कॅन्सरच्या नोंदी ठेवण्याचं काम देशात ग्रामीण भागात पहिल्यांदा तिथेच सुरू झालं, १९८७ साली. निवडणीतल्या एकीची बहीण शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायला तिथे राहिली होती. तिनं सांगितलं, की पेशंटबरोबर आलेल्या माणसाचं खाणं-राहणं हाच मोठा खर्च असतो, आणि त्याचा हिशेब कुणी धरत नाही. दोघांना निम्मं निम्मं द्यायचं ठरलं. चिठ्ठ्या टाकायची वेळच आली नाही.

दिवसही कामगारांनीच निवडला. आमच्याकडे येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, मोठा सण. लातूर, धाराशिवकडे त्या दिवशी शहरं ओस पडतात, सगळे शेतात. कडब्याच्या कोपीत पूजा, मग आंबिल आणि भज्जी. २०२४ ची येळवस ३० डिसेंबरला सोमवारी आली. आदल्या आठवड्याच्या रविवारी भरडायचं आणि २९ तारखेच्या रविवारी, सामान भरायला लोक बाहेर पडतात तेव्हा, मिलच्या गेटवर विकायचं. तेल-पाणी आणि ड्रायरचं काम आठवड्यात उरकून ठेवलं होतं.

एका गोष्टीत मी मालकपणा केला, तो कागदपत्रांत. पोरांना एक किलोची छापील पाकिटं हवी होती, वर '२५ वर्षे' आणि सगळ्यांचा फोटो. पण जुलै २०२२ पासून लेबल लावून पाकीटबंद केलेल्या पंचवीस किलोंपर्यंतच्या डाळीवर पाच टक्के जीएसटी आहे, सुट्या डाळीवर नाही. म्हणून पोत्यातून सुटी, समोर तोलून. पिशवी ज्याची त्यानं आणायची. दुसरं, आम्ही देणगी गोळा करायची नाही. लोकांकडून धर्मकार्यासाठी पैसे जमवायचे तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, गणपती मंडळं घेतात तशी. आम्ही माल विकत होतो. "सुटे राहू द्या" म्हणणाऱ्याला सुटे परत दिले आणि संस्थांचे पत्ते दिले. तिसरं, दोन्हीकडे पैसे बँकेतून. दोन हजारांवरची रोख देणगी आयकराच्या ८०जी कलमाच्या सवलतीत बसतच नव्हती. सवलतीचा फायदा भागीदारी म्हणून आम्हालाच होणार होता, म्हणून कर वाचेल तेवढी रक्कम पुन्हा त्यात घालायची, हे मुनीमकाकांनी लिहून ठेवलं. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकामावर करायच्या सक्तीच्या खर्चाचा, प्रश्नच नव्हता. तो मोठ्या कंपन्यांसाठी; तेव्हा पाच कोटी निव्वळ नफा हा त्यातला एक निकष होता. तेवढा नफा आमच्या हिशेबात कुणाला दिसला तर कृपया आधी मला कळवावं.

वीस क्विंटलची साडेचौदा क्विंटल डाळ झाली. त्या रविवारी रोलरवर रोजच्यापेक्षा उतारा चांगला पडला, हे मी मुकादमाला मुद्दाम ऐकवलं. तो म्हणाला, रोज रविवारसारखी मजुरी द्या मग. बिनमजुरीच्या दिवसाचा दाखला देऊन मजुरी वाढवून मागणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

डाळ दुकानापेक्षा थोड्या कमी भावानं लावली होती. सकाळी अकरापर्यंत गर्दी नव्हती, तेव्हा पोरांचे चेहरे पडले. दुपारी शेतात जायची तयारी करणारी घरं आली आणि संध्याकाळी पोती झटकायची वेळ आली. चुनी धरून दोन लाखांच्या थोडं वर झालं. पैसे द्यायला मी गेलो नाही, भाऊही नाही. निवडणीच्या दोन मावशी आणि ड्रायव्हर हासेगावला गेले, मुकादम आणि पॅकिंगचा एक पोरगा बार्शीला. पावत्या फर्मच्या नावाच्या आहेत, कारण खातं फर्मचं. पण ऑफिसात लावलेल्या फोटोत आम्ही दोघे भाऊ नाही.

काही जण त्या रविवारी आले नाहीत. का आले नाहीत ते विचारलं नाही, आणि मुनीमकाकांनी करून ठेवलेली हजेरीची यादी मी फाडून टाकली. पुढच्या येळवशीला पुन्हा करायचं, असं कामगारांचं ठरलं आहे. बेसनासाठी हरभरा डाळ मागणारे बरेच हात हलवत परत गेले, म्हणून तूर दहा क्विंटल आणि हरभरा दहा क्विंटल, असं मुकादमानं आत्ताच सांगून ठेवलंय. हरभऱ्याचा भाव तोवर काय असेल ते बघू. तूर कबूल केली होती, हरभरा मी अजून केलेला नाही.