चिवडा सादळत नाही, छाती मात्र भरते: मिनियापोलिसचा हिवाळा

ठाण्यात माझा दमा पावसाळ्याचा. भिंतींना ओल आली, कपाटांना बुरशीचा वास सुटला की छातीत शिट्टी वाजायला लागायची. त्यामुळे अमेरिकेत मिनेसोटाला निघाले तेव्हा घरात सगळ्यांचं एकमत होतं, "कोरडी हवा, तुला मानवेल." ही कोरडी हवा कशी असते? जानेवारीत डब्याचं झाकण उघडं राहिलं तरी चिवडा सादळत नाही. चिवड्याला ती मानवते. मला नाही.

रात्री मधेच जाग येते. जीभ टाळ्याला चिकटलेली, नाकात आतून खपल्या, छाती आवळल्यासारखी. सकाळी नाक शिंकरलं की रुमालावर रक्ताचा ठिपका. लहान मुलांचा तर घोळणा फुटतो, आणि भारतातून नव्याने आलेल्या आया उशीवरचे लाल डाग बघून हबकतात.

"मग हीटर बंद ठेव ना," आईचा सल्ला. बाहेर उणे 20 असताना हीटर बंद ठेवला तर आधी नळाचे पाइप फुटतील. आणि खरं तर हीटर हवेतलं पाणी शोषून घेत नाही. मुळात बाहेरच्या हवेतच पाणी नसतं. उणे 20 अंशांना एका घनमीटर हवेत जेमतेम 1 ग्रॅम बाष्प मावतं. तीच हवा घरात येऊन 21 अंशांपर्यंत तापली की तिच्यात 18 ग्रॅम मावू शकतं, पण जवळ असतो तो एकच ग्रॅम. म्हणजे आर्द्रता पाच-सहा टक्के! आंघोळी, स्वयंपाक आणि आपले श्वास यांची त्यात थोडी भर पडते, तरी कडाक्याच्या थंडीत माझ्या टेबलावरचं आर्द्रतामापक पंधराच्या आसपासच रेंगाळतं.

हवा गरम आणि ओलसर करून आत सोडणं हे नाकाचं काम. नाक चोंदलं की आपण तोंडाने श्वास घेतो, कोरडी हवा थेट श्वासनलिकांवर आदळते आणि दमेकऱ्याच्या नलिका लगेच आक्रसतात. म्हणून बाहेर पडताना मफलर गळ्याला नाही, नाकातोंडावर. दिसायला दरोडेखोर दिसतो आपण, पण इथे सगळेच तसे दिसतात.

घरात ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारं यंत्र) लागतोच. वाफेसारखे तुषार उडवणारा स्वस्त मिळतो, पण त्यात नळाचं पाणी भरलं की पाण्यातले क्षार भुकटी होऊन टीव्हीपासून देव्हाऱ्यापर्यंत पांढरा थर देतात. तीच भुकटी आपण श्वासातून ओढतो. त्याला डिस्टिल्ड पाणीच हवं. मला ओल्या वातीवरून पंखा फिरवणारा जास्त पटला. कुठलाही घ्या, टाकीत बुळबुळीत थर धरतो. पाणी रोज बदलायचं, तिसऱ्या दिवशी टाकी घासायची. कंटाळा आला तर यंत्र बंद ठेवलेलं बरं.

आणि हौसेने साठ टक्क्यांवर नेऊ नका. एरवी तीस ते पन्नास टक्के ठीक, पण बाहेर उणे 20 असताना पंचवीसच्या वर गेलं की काचांवर पाणी साचतं, खालच्या कडेला बर्फ धरतो, तो वितळला की लाकडात काळी बुरशी. म्हणजे ठाण्यातला जुलै पैसे मोजून घरात आणायचा!

आपल्या स्वयंपाकाचाही यात वाटा आहे. खिडक्या चार महिने बंद, आणि पुष्कळ अपार्टमेंटमध्ये शेगडीवरचा पंखा धूर बाहेर टाकतच नाही, गाळून परत घरातच सोडतो. ठेच्याच्या मिरच्या परतायला घेतल्या की आधी मला ठसका, मग स्मोक अलार्मला. ठेचा मी आता एप्रिलवर टाकते. फोडणीच्या वेळी खिडकी बोटभर उघडते, आर्द्रता गेली तर जाऊ दे.

आईचा दुसरा सल्ला, रोज रात्री नाकात तूप. इथल्या डॉक्टरांनी दम्यामुळे मला नको म्हणून सांगितलं. तेलकट पदार्थ नाकातून फुप्फुसात उतरू शकतो. त्याऐवजी मिठाच्या पाण्याचा स्प्रे. जलनेती करणाऱ्यांनी पाणी उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्डच घ्यावं. 2011 मध्ये लुइझियानात नळाच्या पाण्याने नेती केलेल्या दोघांचा पाण्यातल्या अमीबामुळे मृत्यू झाला होता. रोजचा इनहेलर मात्र थंडी सुरू व्हायच्या आधीपासून, बरं वाटत असलं तरी. बोलताना वाक्य तुटायला लागलं, तातडीच्या इनहेलरनेही फरक पडेना, तर ह्युमिडिफायरची बटणं दाबत बसायचं नाही, 911 हा इथला आणीबाणीचा नंबर लावायचा.

दमा मला आईकडूनच आलाय. त्यामुळे "मग मी येऊ कधी?" हा तिचा प्रश्न रास्त. मे महिन्यात बर्च आणि ओकचे परागकण. ऑगस्टच्या मध्यापासून रॅगवीड नावाच्या तणाचे, ते पहिल्या कडक दहिवरापर्यंत. मी तिला ऑक्टोबरच्या मध्यावर बोलावलंय. तोवर रॅगवीड बहुधा मेलेलं असतं आणि हीटर जेमतेम सुरू झालेला. दिवाळीच्या आत परत जायचंय म्हणते, आणि येताना भाजणी आणणार आहे.