सांगतात, पण त्या शब्दांत नाही

युद्धात लैंगिक अत्याचार झालेल्या पुरुषांवर मी संशोधन करते असं कळलं की समोरचा माणूस आधी गप्प होतो. मग जरा वेळाने विचारतो, “पण पुरुष हे सांगतात का हो? तेही एका बाईला?” इतक्या जणांनी विचारलंत म्हणून एकदा सविस्तरच सांगते.

सांगतात. आपण कान लावून ज्या शब्दाची वाट बघत बसतो, तो शब्द मात्र त्यात नसतो. “फार मारलं.” “नको ते केलं.” “तेव्हापासून मी पुरुष राहिलो नाही.” कित्येकदा नुसतंच, “पाठ दुखते.”

एका मुलाखतीबद्दल सांगते, ओळख पटेल असं सगळं बदलून. काँगोतून पळून युगांडाच्या राजधानीत, कंपालात आलेला एक निर्वासित. मी खुर्ची पुढे केली, तर तो कडेवर टेकला, सगळा भार एका मांडीवर. तासभर जळलेल्या घराबद्दल आणि गेलेल्या गुरांबद्दल बोलला. मध्येच दुभाष्याकडे बघायचा आणि थांबायचा. दुभाषा त्याच्याच भागातला होता, आज ऐकलेलं उद्या त्याच्या लोकांत पोचलं असतं. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं, आणि ती चूक माझीच होती. पुढच्या खेपेला दुसरा दुभाषा आणला. त्या दिवशी तो निर्वासित बसलाच नाही, उभ्यानेच बोलला. मग मीही उभी राहिले. खिशातून दवाखान्याचा घडी घातलेला कागद काढून त्याने दाखवला. त्यावर मूळव्याध लिहिलं होतं. “मीच तसं सांगितलं होतं,” तो म्हणाला.

म्हणजे दवाखान्याच्या दप्तरी तो मूळव्याधीचा रुग्ण. अशी किती दप्तरं असतील, याचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. पेरूच्या सत्यशोधन आयोगाचा अहवाल २००३ मध्ये आला. त्यात लैंगिक अत्याचाराच्या बळींमध्ये पुरुष जेमतेम २ टक्के होते. मिशेल लीबी या अभ्यासक बाईंनी त्याच जबान्या पुन्हा वाचल्या, तेव्हा ते प्रमाण २२ टक्के निघालं. माणसांनी सांगितलं होतं. कपडे उतरवून केलेली विटंबना, गुप्तांगावर दिलेले शॉक, हे लिहून घेताना ‘छळ’ या रकान्यात गेलं होतं. लंडनमध्ये तपासलेल्या १८४ श्रीलंकन तमिळ पुरुषांपैकी ३८ जणांनी कोठडीत लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं, ही नोंद २००० सालची. म्हणजे तिथेही पुरुषांनी सांगितलंच.

गप्प राहण्यामागे नुसती लाज असते असंही समजू नका. युगांडात पुरुषाचा पुरुषाशी लैंगिक संबंध हा गुन्हा आहे, २०२३ च्या कायद्याने शिक्षा आणखी कडक झाली. आपल्यावर बळजबरी झाली हे सिद्ध करता आलं नाही, तर फिर्याद द्यायला गेलेलाच आरोपी ठरेल, ही धास्ती खोटी नाही. बायकोला कळेल, मुलं काय म्हणतील, हे तर त्याहून आधीचं. कायद्याच्या जगालाही हे उशिराच सुचलं. बोस्नियातल्या ओमार्स्का छावणीत कैद्यांना एकमेकांवर जे करायला लावलं, ते १९९७ मध्ये युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात चाललेल्या ताडिच या आरोपीच्या खटल्याच्या निकालात नोंदलं गेलं. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या या विषयावरच्या ठरावांत ‘पुरुष आणि मुलगे’ हे शब्द यायला मात्र २०१३ उजाडलं.

बाईला सांगतात का? काही जण बाईलाच सांगतात, दुसऱ्या पुरुषासमोर त्यांची मान वर होत नाही. काहींना बाई नकोच असते. मी आधी विचारते, आणि नको म्हणाले तर उठते.

“यामुळे बायकांचं दुःख मागे पडत नाही का?” असंही कुणीतरी विचारतंच. मला हा प्रश्न टोचतो, कारण बोलायला शब्द आम्हाला स्त्रियांच्या चळवळीनेच दिले. पूर्व काँगोतल्या एका मोठ्या पाहणीत, २०१० मध्ये छापून आलेल्या, ३९.७ टक्के स्त्रियांनी आणि २३.६ टक्के पुरुषांनी लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं. दोन्ही आकडे एकाच मुलखातले आहेत. एकाचं ऐकलं म्हणून दुसऱ्याचं कमी होत नाही.

त्या उभ्याने बोललेल्या माणसाने शेवटी कागदाची घडी पुन्हा घातली आणि विचारलं, “मग आता डॉक्टरला काय सांगू?” माझ्याकडे तीन पानं प्रश्न होते, पण याचं उत्तर नव्हतं. उरलेला दिवस असा डॉक्टर शोधण्यात गेला, जो त्याला सगळं पहिल्यापासून सांगायला न लावता तपासेल. तेव्हापासून डॉक्टर आधी ठरल्याशिवाय मी मुलाखत घेत नाही.