ओरेगॉनला धडकलं कोण?

जुन्या आगबोटींचा नाद असलेल्याला क्युनार्ड या ब्रिटिश जहाज कंपनीची ‘ओरेगॉन’ सापडायला वेळ लागत नाही. 1883 साली स्कॉटलंडमधल्या गोव्हनला जॉन एल्डर कंपनीने बांधलेली, पाचशे फूट लांब, त्या काळी अटलांटिक सर्वांत वेगाने ओलांडणारी. ती बांधून घेणाऱ्या गुइऑन कंपनीला तिचे पैसे झेपेनात, म्हणून 1884 मध्ये ती क्युनार्डकडे आली. अफगाण सीमेवरच्या पंजदेहवरून इंग्लंड-रशिया युद्ध पेटणार अशी हवा 1885 मध्ये झाली, तेव्हा ब्रिटिश आरमारानेही ती भाड्याने घेतली. एवढं सहज मिळालं. मला मात्र दुसरं जहाज हवं होतं.

14 मार्च 1886. पहाटे साडेचारच्या सुमाराला न्यूयॉर्कजवळच्या फायर आयलंड बेटापाशी एक शिडाचं जहाज ओरेगॉनच्या कुशीत घुसलं आणि लगेच बुडालं. ते कोणतं?

लायब्ररी ऑफ काँग्रेसचा वर्तमानपत्रांचा संग्रह फुकट वाचता येतो. पण ‘ओरेगॉन’ टाकलं की त्या नावाच्या राज्यातल्या गव्हाच्या आणि निवडणुकांच्या बातम्या कोसळतात! मग नाव सोडलं, तारीख धरली. 15 मार्चपासूनचे न्यूयॉर्कचे अंक एकेक पान उघडून वाचत गेलो. पुसट छपाई यंत्राला नीट वाचता येत नाही, डोळेच शिणवावे लागतात.

बातम्यांत सुटकेचं कौतुक ओसंडून वाहतं, आणि ते खोटं नाही. भोक बुजवायला कॅनव्हास लावून पाहिलं, जमलं नाही. माणसं साडेआठशेच्या आसपास, होड्या त्यांतल्या निम्म्यांनाच पुरतील एवढ्या. ‘फँटम’ ही पायलट बोट (जहाजांना बंदराची वाट दाखवणाऱ्यांची होडी) आणि ‘फॅनी गोरहॅम’ हे शिडाचं जहाज वेळेवर आलं, नंतर जर्मन ‘फुल्डा’ने प्रवासी घेतले. टकरीनंतर आठेक तासांनी ओरेगॉन बुडाली. तिच्यावरचं कुणीही गेलं नाही.

दुसऱ्या जहाजाचं नाव घेतलं जातं ते अंदाजाने: बहुधा ‘चार्ल्स मोर्स’. त्याच सुमाराला, त्याच पाण्यात ते सगळ्या खलाशांसकट नाहीसं झालं, एवढाच आधार. तरीही या अपघातात ‘जीवितहानी नाही’ असं लोक खुशाल लिहितात, ते मला खटकतं.

आणखी एक. आगबोटीने शिडाच्या जहाजाला वाट द्यायची, हा नियम तेव्हाही होता. त्यामुळे शिडाच्या जहाजाला दोष देणारी विधानं मी जपूनच वाचतो. बोलायला उरले ते सगळे ओरेगॉनवरचे होते.