तुम्ही विचारलंत म्हणून: बर्फात कोणती गाडी चांगली?

थंडी सुरू झाली की ओळखीतले कोणी ना कोणी मला विचारते की बर्फाच्या रस्त्यावर कोणती गाडी चांगली चालते. विचारणाऱ्याने मनाशी बहुधा एखादी उंच, चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी आधीच ठरवलेली असते आणि माझ्याकडून केवळ होकार हवा असतो. तो देण्याआधी मी टायर कोणते असणार आहेत हे विचारतो. प्रश्न टाळण्यासाठी मी असे करत नाही. माझ्या अनुभवात खरे उत्तर तिथूनच सुरू होते.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे ऑल-व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणारी, गाडी होती आणि तिला साधे उन्हाळी टायर होते. बर्फ पडलेल्या एका सकाळी ती चढावरून इतक्या सहज निघाली की रस्ता किती निसरडा झाला आहे, याचा मला अंदाजच आला नाही. पुढे उतार होता आणि उताराच्या तळाशी चौक. मी नेहमीच्या अंतरावरून ब्रेक दाबला, तेव्हा पायाखाली एबीएसची (ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) थरथर जाणवत राहिली, पण वेग जवळजवळ कमी झाला नाही, आणि गाडी थांबण्याची रेषा ओलांडून चौकाच्या मध्यावर जाऊन उभी राहिली. त्या क्षणी आडव्या रस्त्याने कोणी आले नाही, एवढेच माझे नशीब. दोनच चाकांना ताकद मिळणारी गाडी त्या चढावर चाके फिरवत अडखळली असती आणि मला वेळीच सावध करून गेली असती. ऑल-व्हील ड्राइव्हमुळे गाडी निघते उत्तम. परंतु ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांवरच असतात, त्यामुळे थांबण्याच्या वेळी तिला इतर गाड्यांपेक्षा काहीही जास्त मिळत नाही.

थांबण्याचे गणित सोपे आणि कठोर आहे. कोरड्या डांबरावर टायरचा घर्षणांक, म्हणजे रस्ता धरून ठेवण्याच्या क्षमतेचे माप, साधारण ०.७ असतो, दाबून टणक झालेल्या बर्फावर ०.२ ते ०.३ आणि निव्वळ गोठलेल्या पाण्यावर ०.१ च्या आसपास. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यापासून कोरड्या रस्त्यावर सुमारे १४ मीटरमध्ये थांबते, टणक बर्फावर तिला ४० मीटर लागतात आणि गोठलेल्या पाण्यावर जवळजवळ १०० मीटर. या गणितात गाडीचे वजन येतच नाही, म्हणून जड गाडी रस्त्याला चिकटून राहते हा समज मला धोकादायक वाटतो. आपल्या हातात असतो तो घर्षणांक, आणि तो टायर ठरवतो. उन्हाळी टायरचे रबर तापमान सुमारे ७ अंश सेल्सियसच्या खाली गेले की कडक होऊ लागते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते आणि त्याच्या नक्षीतल्या असंख्य बारीक चिरा बर्फाला धरतात. टायरच्या बाजूवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असे चिन्ह आहे का, हे पाहून घ्यावे. टायरवरच्या नुसत्या ‘एम अँड एस’ (चिखल आणि बर्फ) या अक्षरांसाठी बर्फावरची चाचणी उत्तीर्ण व्हावी लागत नाही.

आता गाड्यांकडे येतो. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या साध्या गाडीला लोक उगाच कमी लेखतात. तिच्या इंजिनाचे वजन नेमके ताकदीच्या चाकांवर पडते, त्यामुळे ती बर्फातून स्वतःला ओढत नेते. माँटे कार्लो रॅली ही हिवाळ्यातली मोटार शर्यत साब ९६ या गाडीने १९६२ आणि १९६३ साली जिंकली आणि १९६५ साली भरपूर बर्फात छोट्या मिनीने जिंकली. दोन्ही पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाड्या होत्या. अशा गाडीचा दोष असा की वळणावर वेग जास्त झाला तर स्टिअरिंग फिरवूनही ती सरळच जात राहते. मागच्या चाकांना ताकद देणारी, पुढे इंजिन असलेली गाडी मात्र बर्फात खरोखर अवघड असते. मागचा भाग हलका असल्याने चाके जागीच फिरतात आणि वळणावर जरा जास्त अ‍ॅक्सिलरेटर दिला की शेपूट बाहेर जाते. म्हणूनच लोक डिकीत वाळूची पोती ठेवत. जुन्या फोक्सवॅगन बीटलला ही गरज भासत नसे, कारण तिचे इंजिनच मागे होते.

चारही चाकांच्या ताकदीचे मोल मी नाकारत नाही. १९८१ साली ऑडी क्वाट्रोने स्वीडिश रॅली जिंकली, तेव्हा बर्फावर वेग पकडण्यात तिला तोड नाही हे स्पष्ट झाले. परंतु रोजच्या वापरात तिचा खरा उपयोग खडा चढ आणि बर्फ न उपसलेला रस्ता इथेच होतो, आणि तिथेही गाडीच्या बुडाची जमिनीपासूनची उंची तितकीच महत्त्वाची असते. बर्फाचा थर त्या उंचीहून जास्त झाला की गाडी बुडावर टेकते, चाकांवरचा भार कमी होतो आणि चारही चाके नुसती फिरत राहतात. विजेच्या गाड्यांची मोटर घसरण फार चटकन सावरते. मात्र पाय उचलताच गाडी मंदावण्याची सोय निसरड्या उतारावर सौम्य ठेवावी, विशेषतः मोटर फक्त मागच्या चाकांवर असेल तर.

म्हणून माझे उत्तर असे. तुमचा रस्ता नियमितपणे उपसला जात असेल, तर पुढच्या चाकांची साधी गाडी घ्या आणि वाचलेल्या पैशात हिवाळी टायरचा पूर्ण संच घ्या. घर चढावर असेल आणि बर्फ उपसणारे वाहन उशिरा येत असेल, तर बुडाची उंची सुमारे २०० मिलिमीटर असलेली ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी घ्या, पण टायर तेच. दोन्ही बाबतींत टायर चारही चाकांना बसवा. केवळ पुढे बसवले तर पुढची चाके रस्ता धरतात, मागची सोडतात आणि ब्रेक मारताच गाडी स्वतःभोवती फिरते. नक्षीची खोली ४ मिलिमीटरच्या खाली गेली असेल, तर तो संच आणखी एका हिवाळ्यासाठी ठेवू नका.